तेलाचे एंजिन व त्याचा धूर
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

उद्देश.— इंधनाचे पूर्ण व अपुरे ज्वलन यांतील भेद विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देणे.

प्रस्तावना.— १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना निघाला व पुढे तेलाचे एंजिन शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले. आता विहिरींवर बहुधा विजेचे पंप आहेत. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांत जेथे वीज वेळेवर मिळत नाही, तेथे केळी-कापसाचे पाणी अद्याप डिझेलवर अवलंबून असते. यास्तव हा पाठ शेतावरील अनुभवास जोडून घ्यावा.

प्रयोग.— पणतीच्या ज्योतीवर थाळी धरावी. काजळ धरण्याची ही रीत घरोघर ठाऊक आहे. थाळीमुळे ज्योत दबते व थंडावते, आणि तेलातील जळावयाचा राहिलेला कार्बन थाळीस लागतो. काजळी म्हणजे वाया गेलेले इंधन होय, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

विवेचन.— डिझेल एंजिनात दट्ट्या हवा दाबतो. दाबाने हवा इतकी तापते की तीत उडविलेले तेलाचे तुषार ठिणगीवाचून पेटतात. एक किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. हवेची गाळणी धुळीने तुंबली, नॉझल झिजून तुषार जाड पडू लागले, अथवा एंजिनावर शक्तीबाहेर भार पडला, म्हणजे काळा धूर निघतो. धूर निळसर असल्यास वंगणाचे तेल जळत आहे असे समजावे.

विहिरीचे गार पाणी सिलिंडरभोवती अतोनात खेळविल्यानेही ज्वलन बिघडते. बाहेर पडणारे पाणी चांगले ऊन राहील, अशा बेताने तोटी सोडावी. मात्र एंजिन फार तापूही देऊ नये. ज्वलन अति तप्त झाल्यास हवेतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन अपायकारक वायू बनतात. काटकसर व स्वच्छ हवा या दोहोंसाठी मध्यम मार्गच हितावह होय.

दक्षता.— अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वासही नाही. उन्हाळ्यात पाणी खोल गेले असता एंजिन विहिरीत उतरवून चालविल्यास हा वायू तेथे साचतो. आत उतरलेला मनुष्य बेशुद्ध पडून दगावतो, आणि त्यास काढावयास उतरणाराही बळी पडू शकतो. विहिरीत किंवा बंद खोपीत एंजिन चालवू नये, व कोणी पडलेला दिसल्यास मुलांनी आत न उतरता मोठ्या माणसांना हाक मारावी, हे शिक्षकांनी पुनःपुन्हा बिंबवावे.

स्वाध्याय.— (१) गावातील एखाद्या एंजिनाच्या अथवा ट्रॅक्टरच्या धुराचा रंग दुरून पाहून त्याचे कारण लिहा. (२) हवेची गाळणी साफ केल्याने डिझेलची बचत का होते?