पुण्यात घर जरूर घ्या, पण पहिल्या वर्षी नको

प्रश्न : आम्ही नांदेडचे. येत्या जूनमध्ये नोकरीनिमित्त पुण्याला जात आहोत. माझे ऑफिस खराडीत आहे आणि मला रोज जावे लागेल. यजमानांची कंपनी हिंजवडीत. त्यांना आठवड्यातून तीन दिवस हजेरी आहे. मुलगी यंदा पहिलीत जाईल. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार, शिल्लक २४ लाख. पुनावळ्यात ८० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. बांधकाम चालू आहे, ताबा दीड वर्षाने मिळेल. महिनाअखेरीपर्यंत १ लाख भरून बुकिंग केले तर किचन ट्रॉल्या मोफत, असे बिल्डर म्हणतो. सासरे म्हणतात, भाडे भरणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. तेवढ्याच फ्लॅटचे भाडे २८ हजारांच्या आसपास सांगतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बुकिंगचे १ लाख आत्ता भरू नका. पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढा आणि खरेदीचा निर्णय दुसऱ्या वर्षी घ्या. घर घेणे चुकीचे आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्या पगारात एक घर नक्की बसते आणि ते तुम्ही घ्यावे. पण शहर ओळखीचे नसताना घेतलेल्या निर्णयात चूक होण्याचा संभव जास्त असतो, आणि ती चूक दुरुस्त करायला किती पैसे लागतील हे आधी पाहायला हवे. भाड्याच्या घरात चूक झाली तर ती एक-दोन महिन्यांच्या भाड्यात निस्तरते. विकत घेतलेल्या घरातली चूक निस्तरायला अनेक वर्षांची बचत जाते. माझे सगळे उत्तर या फरकावर उभे आहे.

हिशेब तुमच्याच आकड्यांनी करू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये खरेदीखतावर ७ टक्के मुद्रांक शुल्क लागते. घर फक्त स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावे घेतलेत तर ८० लाखांवर ५ लाख ६० हजार शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. बांधकाम चालू असलेल्या, ४५ लाखांवरच्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो, तो ४ लाख. म्हणजे घराच्या किमतीव्यतिरिक्त ९ लाख ९० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एवढ्या रकमेचे कर्ज किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. कर्ज ६४ लाख, पदरचे १६ लाख आणि वरचे ९ लाख ९० हजार असे २५ लाख ९० हजार तुम्हाला उभे करावे लागतील. तुमच्याकडे आहेत २४ लाख. दिवे-पंखे, स्थलांतराचा खर्च आणि आजारपणासाठीची गंगाजळी यात कुठेच नाही. हप्ता तुम्हाला झेपेल; ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी तो साडेपंचावन्न हजारांच्या घरात जातो. अडचण त्याआधीची आहे. दाराशी पोहोचेपर्यंतच तुमचा हात रिकामा होतो.

आता सासऱ्यांचा मुद्दा. तो मनापासून मांडलेला आहे आणि त्यांच्या पिढीच्या अनुभवातून आला आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. पहिली गोष्ट, ताबा दीड वर्षाने मिळणार असेल तर तोवर भाडे भरावेच लागणार. बुकिंग केल्याने ते चुकत नाही, उलट कर्जाचे पैसे जसे बिल्डरकडे जातील तसे त्यावरचे व्याजही सुरू होते. दुसरी गोष्ट, आज तयार घर घेतले असे धरले तरी ६४ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सुमारे ६ लाख ६६ हजारांचे हप्ते जातात. त्यांतले सुमारे ५ लाख ४० हजार व्याज असते आणि मुद्दल जेमतेम सव्वा लाखाने कमी होते. वर्षाचे भाडे ३ लाख ३६ हजार. भाडे परत येत नाही हे खरे, पण व्याजही परत येत नाही. करसवलतीचा आधारही फारसा नाही, कारण नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न परिसराचा आहे. पुनावळे हिंजवडीला जवळ आहे, म्हणजे निवड यजमानांच्या कंपनीला धरून झाली आहे. त्यांना तीन दिवस जायचे आहे, तुम्हाला रोज. पुनावळे ते खराडी हे अंतर दोन्ही शहरे ओलांडून पंचवीस किलोमीटरहून जास्त भरते. शाळेतून मुलीचा फोन आला तर कोण लवकर पोहोचणार, हेही त्यातच ठरते. म्हणून पहिले घर रोज जाणाऱ्या माणसाच्या बाजूला, म्हणजे वडगाव शेरी, विमाननगर, येरवडा या पट्ट्यात पाहा. वनाझ-रामवाडी मेट्रो इथून जाते आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर पिंपरी-चिंचवडच्या मार्गाला मिळते. पुढचा टप्पा यजमान बसने गाठू शकतात. आज धावणारी गाडीच हिशेबात धरा. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्या भरवशावर तेव्हा घर घेतलेल्यांना पुढे कितीतरी वर्षे रस्त्यानेच जावे लागले.

परिसराच्या काही गोष्टी रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅट पाहून कळत नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. बाणेर-बालेवाडीत पाणीटंचाईच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ मनाई केली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. या वस्त्या शहरापासून दूर कुठेतरी नाहीत, रीतसर नांदत्या आहेत. टँकरचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये किती चढतो ते उन्हाळ्यात दिसते, आणि रस्ता कुठे तुंबतो ते पावसाळ्यात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा शहरात काढल्यावर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवाल, दलालाच्या तोंडून ऐकून नाही.

यावरचा खरा आक्षेप किमती वाढण्याचा आहे. समजा वर्षात किंमत ६ टक्क्यांनी वाढली, तर ८० लाखांचे घर ४ लाख ८० हजारांनी महागेल. हा तोटा मी नाकारत नाही. त्यासमोर दोन गोष्टी ठेवा. २४ लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले तर कर वजा होण्यापूर्वी दीड लाखाच्या आसपास व्याज मिळते. आणि पुढच्या वर्षी पूर्णत्वाचा दाखला मिळालेले तयार घर घेतलेत तर जीएसटी लागत नाही. अशा घराची किंमत थोडी चढी असली तरी ती निदान डोळ्यांसमोर असते. उलट घाईत घेतलेले घर ताबा घेऊन विकावे लागले, तर भरलेले मुद्रांक शुल्क परत मिळत नाही, दुसऱ्या घरासाठी ते नव्याने भरावे लागते, दलाली वेगळी. २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो. किंमतवाढ ही शक्यता आहे, पण दुसऱ्यांदा घर घेण्याचा हा खर्च ठरलेला आहे.

दुसरा आक्षेप शाळेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्षाने घर बदलले की मुलीची शाळा बदलेल का? ते टाळायचे तर आधी शाळा ठरवा आणि शाळेच्या अंतरात भाड्याचे घर शोधा. पुढे विकत घ्यायचे घरही त्याच शाळेच्या बसमार्गावर पाहता येईल. तरीही बदलावी लागलीच, तर पहिलीनंतरचा बदल मुलांना पाचवी-सहावीतल्या बदलापेक्षा सोपा जातो. चुकीच्या जागी घर घेऊन अडकलेल्या कुटुंबावर तो नको त्या वयात येतो.

भाड्याचा करार मात्र पक्का करा. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, कितीही महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत तुमचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने ते खोडून काढेपर्यंत. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामतीवरील मानीव व्याज यांच्या ०.२५ टक्के असते, शहरात नोंदणी फी १ हजार. तुमच्या भाड्यावर आणि लाखभर अनामतीवर दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत बसते. लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, नोटीस एक महिन्याची असू द्या, मेंटेनन्स कोण भरणार आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार हे लिहून घ्या. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहू नका. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते.

लगेच घर घेणे योग्य ठरेल अशीही कुटुंबे असतात. शहर आधीपासून माहीत आहे, दोघांची कामाची ठिकाणे जवळ आहेत, घर तयार आहे आणि सगळे भरूनही सहा महिन्यांचा खर्च हातात उरतो, असे असेल तर थांबण्यात फायदा नाही. तुमच्याबाबत यातले एकही आज लागू होत नाही. वर्षभरात महिन्याला ३० हजार बाजूला पडले तर शिल्लक व्याज धरून २९ लाखांच्या पुढे जाईल आणि तुम्ही सौदा बरोबरीने कराल. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि ताब्याची तारीख पाहा, वकिलाकडून मालकी हक्काचा शोध अहवाल घ्या, ओढ्या-नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा तपासा, पाण्याची सोय कागदावर मागा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे बिल्डरला सांगायला कचरू नका. १ टक्का सवलतीसाठी घर तुमच्या एकटीच्या नावे घेण्याचा विचार दोघांनी मोकळेपणाने करा. ८० लाखांवर ते ८० हजार वाचवते. सध्या मात्र ट्रॉल्यांच्या मुदतीकडे दुर्लक्ष करा. अशा योजना पुढच्या वर्षीही असतील, आणि त्या मोजून पाहण्याइतके शहर तोवर तुम्हाला कळलेले असेल.