इंटरनेट आणि आमचा अभ्यास

गुरुजींचा शब्द आणि पाठ्यपुस्तकाचें पान, खेड्यांतील विद्यार्थ्यांस पूर्वीं बहुधा एवढ्यावरच भागवावें लागे. १९९५ सालीं भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें, आणि आज तें घरांतील मोबाइलवर येऊन पोंचलें आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथें आरंभिलेला मराठी विश्वकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें, हें सारें आष्टीच्या मुलास तेथें विनामूल्य वाचावयास मिळतें. ही सोय लहान नव्हे.

तथापि साधन मोठें असलें, तरी तें वापरणाऱ्याची बुद्धि जागी असावी लागते. एक उदाहरण घेऊं. इंटरनेटवर ‘आष्टीची लढाई’ शोधिली असतां फेब्रुवारी १८१८ मधील हकीकत पुढें येते. त्या लढाईंत पेशव्यांचे सेनापति बापू गोखले धारातीर्थीं पडले. परंतु ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील. आपली आष्टी इतिहासांत अमर झाली ती १६ ऑगस्ट १९४२ रोजीं. ‘चले जाव’ आंदोलनांत येथील पोलीस ठाण्यावर लोकांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला, आणि आपल्या गांवचे वीर हुतात्मे झाले. बीड, जालना व गडचिरोली जिल्ह्यांतही आष्टी आहेच! घाईनें उतरवून घेणारा विद्यार्थी एका गांवचा पराक्रम दुसऱ्या गांवच्या पदरीं बांधील, आणि आपल्याच हुतात्म्यांस विसरेल.

म्हणून विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. शोधतांना गांवाबरोबर जिल्हा व साल लिहावें. मजकूर कोणी लिहिला तें पाहावें, व दुसऱ्या ठिकाणीं तो ताडून घ्यावा. शेवटीं तो आपल्या शब्दांत वहींत लिहून गुरुजींस दाखवावा. कारण शंका ओळखून ती फेडणें हें गुरुजींचें काम आहे. पालकांनींही मुलाच्या हातीं मोबाइल देतांना ‘काय शोधतोस?’ असें विचारावें, आणि सायंकाळीं ‘काय सांपडलें?’ हेंही विचारावें.

आणखी एक सुचवितों. १९४२ च्या ज्या आठवणी वडीलधाऱ्यांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्या, त्या सर्वच इंटरनेटवर मिळणार नाहींत. त्या त्यांच्याजवळ बसून ऐकाव्या व लिहून ठेवाव्या. जगाचें ज्ञान इंटरनेटवरून अवश्य घ्यावें. गांवाचें ज्ञान मात्र गांवांतूनच गोळा करावें.