टायर मोठा, मीटर मागे

पिकअप भाड्याने चालविणाऱ्या बांधवांनी एक हिशेब नीट समजून घ्यावा. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मोठा टायर बसविला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटरला ते कळत नाही.

उदाहरण घ्या. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०.३५ सेंटिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा ७३.३५. फरक सव्वाचार टक्क्यांचा. म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेबासष्ट असतो.

किलोमीटरचेही तसेच. गाडी १,००० किलोमीटर धावली तर मीटरवर ९५९ च उमटतात. मीटरप्रमाणे भाडे घेत असाल तर ४१ किलोमीटरचे भाडे बुडाले. डिझेलचा अ‍ॅव्हरेज विनाकारण कमी दिसतो, ऑइल बदलायलाही उशीर होतो.

लहान टायरने उलटे होते. गाडी न धावलेल्या किलोमीटरचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी पडतात. नकळत झाले तरी ते माप खोटेच.

म्हणून टायर मूळ मापाचेच घ्यावेत. माप बदललेच असेल तर रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावा व मगच दर ठरवावा.