गळाला लागू नका!

संध्याकाळची वेळ आहे. तुमच्या मोबाईलवर एक संदेश येतो: मागील महिन्याच्या वीजबिलाची नोंद नसल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता तुमचा वीजपुरवठा तोडण्यात येईल, तरी त्वरित वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. खाली एक मोबाईल क्रमांक दिलेला असतो. घरात आजारी माणूस आहे, मुलांची परीक्षा तोंडावर आली आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल?

२०२२ साली भारतातील अनेक राज्यांत लोकांना असे संदेश आले. ज्यांनी त्या क्रमांकावर फोन केला त्यांना एक ॲप घ्यावयास व दहा रुपयांसारखी किरकोळ रक्कम भरावयास सांगण्यात आले. परंतु त्या ॲपमुळे त्यांच्या फोनचा पडदा पलीकडच्या व्यक्तीला दिसू लागला. कार्डाचा तपशील आणि बँकेकडून आलेला ओटीपी तिने सहज टिपून घेतला. दहा रुपये वाचवणाऱ्यांची नव्हे, तर प्रामाणिकपणे बिल भरू पाहणाऱ्यांची खाती रिकामी झाली.

हा गळ कसा टाकला जातो?

अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात. मासे धरण्याच्या इंग्रजी शब्दावरूनच हे नाव १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाले. नाव अगदी समर्पक आहे, कारण चोर तुमचे दार फोडत नाही; तुम्हीच ते उघडावे म्हणून तो आमिष लावतो.

त्यासाठी तो तुमच्या विश्वासातले नाव धारण करतो. ते बँकेचे असेल, सरकारी कार्यालयाचे असेल, किंवा तुमच्या मंडळीच्या पाळकांचेही असेल. मग तो भीती अथवा लोभ जागा करतो आणि विचार करण्यास अवधी देत नाही. शेवटी तो काहीतरी मागतो. साधने बदलतात, पण ही रीत सहसा बदलत नाही.

संदेशाची पारख कशी करावी?

पहिली गोष्ट, घाईला शरण जाऊ नका. विद्युत अधिनियम, २००३ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी निदान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मग “आज रात्रीच” ही धमकी खरी कशी असू शकेल? शंका आल्यास बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. संदेशातील क्रमांकावर नव्हे.

दुसरी गोष्ट, संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचा. समजा, पत्त्याच्या आरंभी तुमच्या बँकेचे नाव आहे, पण पहिल्या तिरप्या रेघेआधी तो “केवायसी-अपडेट डॉट कॉम” असा संपतो. ते स्थळ बँकेचे नाही. आरंभी कोणतेही नाव घालता येते. मालक कळतो तो शेवटावरून. याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत “डॉट बँक डॉट इन” असा शेवट असलेले पत्ते घेण्यास सांगितले. हा शेवट केवळ बँकांसाठी राखलेला आहे.

तिसरी गोष्ट, काय मागितले जात आहे ते पाहा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळण्यासाठी तो कधीच लागत नाही. ओटीपी बँकेचा अधिकारीसुद्धा विचारत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाची पावती म्हणून आलेल्या फाईलच्या नावाचा शेवट “एपीके” असा असेल, तर ती पत्रिका नसून ॲप आहे. ती उघडू नका.

चूक झालीच तर?

विलंब न करता बँकेला कळवा व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवीत असतो; ती वाटेतच गोठवता यावी म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. शिवाय, रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असा नियम घालून दिला की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे.

तथापि, पुष्कळ जण गप्प राहतात. का? लाज वाटते म्हणून. “मुले काय म्हणतील?” या विचाराने एखादे वृद्ध पिता दोन दिवस काहीच बोलत नाहीत, आणि तेवढ्यात उरलेली रक्कमही जाते. यास्तव, आजच घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसा आणि त्यांना आश्वासन द्या: “असे काही घडले तर आधी आम्हाला सांगा. आम्ही रागावणार नाही.” हा शब्द मात्र पाळा. कारण त्यांचे मौन हेच चोराचे सर्वात मोठे साहाय्य आहे.

तुम्ही कसे उत्तर द्याल?

• वीज तोडण्याच्या धमकीचा खोटेपणा कशावरून कळतो?

• संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून का वाचावा?

• यूपीआयचा पिन केव्हा लागतो, केव्हा लागत नाही?

• फसलेल्या व्यक्तीला बोलते करण्यासाठी कुटुंब काय करू शकते?