जाहिरात कोठे द्यावी?

(नोकरीची जागा रिकामी झाली की योग्य माणूस शोधावा लागतो. हा शोध जाहिरातीपासून सुरू होतो. जाहिरात कोठे लावली, कोठे छापली, यावर ती कोण वाचणार हे ठरते. कामासाठी लायक माणूस मिळावा आणि लायक माणसाला संधी मिळावी, यासाठी जाहिरातीची जागा कशी निवडावी हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, वर्तमानपत्रात 'पाहिजेत' या मथळ्याखाली लहान लहान जाहिराती छापलेल्या असतात. त्या तुम्ही पाहिल्या असतील. कोणाला शिक्षक पाहिजे असतो, कोणाला ड्रायव्हर, कोणाला परिचारिका. दुकानाच्या दारावरही 'कामाला मुलगा पाहिजे' अशी पाटी दिसते. दोन्ही जाहिरातीच आहेत. पण वर्तमानपत्रातील जाहिरात हजारो लोक वाचतात आणि दारावरची पाटी फक्त त्या रस्त्याने जाणारे वाचतात.

आता आपण एक कल्पना करू. परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे तालुक्याचे गाव आहे. या भागात कापूस पिकतो. समजा, जिंतूरमध्ये एक जिनिंगचा कारखाना आहे. तेथे यंत्राने कापसातील सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात. दिवाळी जवळ आली आहे. शेतकरी लवकरच कापूस घेऊन येतील. कारखान्याला तीन प्रकारची माणसे हवी आहेत. हंगामापुरते वीस मजूर, यंत्रे सांभाळणारा एक फिटर आणि हिशेब ठेवणारा एक कारकून.

मालकाने एका कागदावर तिन्ही जागांची माहिती लिहिली. तो कागद त्याने कारखान्याच्या फाटकावर चिकटवला. आठ दिवसांत चाळीस मजूर आले. कारकुनाच्या जागेसाठी दोघे आले, पण दोघांनाही हिशेबाचे काम येत नव्हते. फिटर तर एकही आला नाही. मालक चिंतेत पडला. तो म्हणाला, "मुनीमजी, माझा भाचा रिकामाच आहे. त्यालाच फिटर म्हणून घेऊन टाकू."

मुनीमजी वयाने मोठे होते. ते म्हणाले, "शेठ, भाचा तुमचा आहे, पण यंत्राला नातं कळत नाही. न शिकलेल्या माणसाचा हात त्यात गेला तर काय कराल? आणि ऐन हंगामात यंत्र बंद पडलं तर शेतकऱ्यांच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतील."

"मग फिटर आणू कुठून? जाहिरात तर दिली!"

"जाहिरात दिली, पण फिटरला ती दिसली कुठं? आपल्या फाटकावरून मजूर जातात, म्हणून मजूर आले. फिटर जिथं शिकतो, तिथं कागद लावा."

मुनीमजींच्या या बोलण्यात सगळ्या पाठाचे सार आहे. ज्याला बोलवायचे आहे, त्याची नजर जेथे पडते, तेथे जाहिरात द्यावी.

फिटरचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मिळते. या संस्थेला लोक 'आयटीआय' म्हणतात. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. संस्थेच्या सूचनाफलकावर कागद लावला आणि तेथील शिक्षकांना सांगितले, तर शिकून बाहेर पडलेल्या मुलांपर्यंत निरोप पोहोचतो. याला खर्चही फार येत नाही. कारकुनाच्या जागेसाठी वाणिज्य शाखेचे महाविद्यालय आणि जिल्ह्यात खपणारे वर्तमानपत्र उपयोगी पडते. मजुरांसाठी मात्र वर्तमानपत्राचा खर्च करण्याची गरज नाही. आठवडी बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि बोरी, चारठाणा यांसारख्या गावांत तोंडी सांगितले तरी पुरे. अशा प्रकारे एकाच कारखान्याच्या तीन जागांसाठी तीन वेगळी ठिकाणे निवडावी लागतात.

जाहिरात देण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, मला कोणते काम येणारा माणूस हवा आहे? दुसरा, असा माणूस कोठे राहतो, कोठे शिकतो आणि काय वाचतो? तिसरा, तो जवळपास मिळेल की दूरवरून बोलवावा लागेल? चौथा, माझ्याजवळ वेळ आणि पैसा किती आहे? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. या ठिकाणी जाहिरात दिली, तर ती कोणाला दिसणार नाही?

पाचवा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. समजा, एका दवाखान्याला परिचारिका हवी आहे आणि जाहिरात पानाच्या टपरीवर लावली आहे. तेथे पुरुष उभे असतात. शिकलेली मुलगी ती जाहिरात वाचणार कशी? समजा, उर्दू माध्यमाच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक हवा आहे आणि जाहिरात फक्त मराठी वर्तमानपत्रात आली आहे. छत्रपती संभाजीनगर, मालेगाव किंवा हैदराबाद येथे उर्दूतून शिकलेला तरुण ती कदाचित पाहणारही नाही. तेथे मराठी वर्तमानपत्राबरोबर उर्दू वर्तमानपत्रातही जाहिरात द्यायला हवी. याउलट, जाहिरात फक्त उर्दूत दिली, तर मराठी विषयाचा चांगला शिक्षक दूर राहील.

खाजगी मालक आपल्या सोयीने माणूस शोधू शकतो. सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी आहे. सरकारी पगार जनतेच्या पैशातून दिला जातो. भारतीय संविधानाच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली आहे. पण जागा निघाल्याचे कळलेच नाही, तर समान संधीचा उपयोग काय? म्हणून जाहिरातीचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न आहे.

आपल्या देशात सेवायोजन कार्यालये १९४५ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम मिळवून देणे हा त्यांचा पहिला हेतू होता. १९४८ पासून ती सर्व बेकारांसाठी खुली झाली. तरुण तेथे आपले नाव नोंदवत आणि कार्यालय त्यांची नावे मालकांना कळवत असे. १९५९ साली एक कायदा झाला. त्यानुसार सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी कारखान्यांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले. शेतीची कामे त्यातून वगळली होती. जागा कळवणे सक्तीचे होते. तेथूनच माणूस घेणे मात्र सक्तीचे नव्हते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय सामावून घेण्यात आला.

तरीही एक अडचण होती. काही खाती फक्त सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांचाच विचार करीत. ज्यांची नावे तेथून आली नाहीत, ते लायक असूनही बाहेर राहत. आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क खात्यातील भरतीचा असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला. सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवावीत. त्याशिवाय भरपूर खप असलेल्या वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी. कार्यालयाच्या फलकावर सूचना लावावी किंवा आकाशवाणी, दूरदर्शन व रोजगारविषयक पत्रे यांतून ती प्रसिद्ध करावी. आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. एकाच खिडकीतून नावे घेतली, तर खिडकीपर्यंत न पोहोचलेल्यांवर अन्याय होतो, हे या निकालाने दाखवून दिले.

रोजगारविषयक पत्रांपैकी एक तुमच्या फार उपयोगाचे आहे. केंद्र सरकारने १९७६ साली 'एम्प्लॉयमेंट न्यूज' नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्याची हिंदी व उर्दू आवृत्ती 'रोजगार समाचार' या नावाने ओळखली जाते. म्हणजे देशातील सरकारी जागांची माहिती उर्दूतूनही वाचता येते. आता संगणकावर आणि मोबाइलवरही जागांची माहिती मिळते. केंद्र सरकारची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही सेवा २०१५ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम्' हे संकेतस्थळ आहे. ही साधने स्वस्त आहेत आणि त्यांची पोहोच दूरवर आहे. परंतु ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्याच्यासाठी भिंतीवरचा कागद आजही मोलाचा आहे. म्हणून शहाणा माणूस एकाच साधनावर अवलंबून राहत नाही.

जाहिरातीची जागा योग्य असली, तरी मजकूर योग्य हवा. १९७४ सालची गोष्ट आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. अभियंते पाहिजेत, असे तिच्यात लिहिले होते. हुशार अभियंते मिळवायला ती जागा अगदी योग्य होती. पण खाली एक ओळ होती. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशा अर्थाची ती ओळ होती. तेथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी ती वाचली. त्यांना राग आला. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड लिहिले. कंपनीने त्यांना पुण्याला मुलाखतीसाठी बोलावले आणि त्यांची निवड झाली. पुढे त्या लेखिका सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. पुढे १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीमध्ये स्त्री-पुरुष असा भेदभाव करण्यास मनाई केली. २०१९ च्या वेतन संहितेतही अशी मनाई आहे.

चांगल्या जाहिरातीत पदाचे नाव, जागांची संख्या, शिक्षण, अनुभव, पगार, कामाचे ठिकाण, अर्ज करण्याची शेवटची तारीख आणि पत्ता स्पष्ट लिहिलेला असतो. अर्जासाठी पुरेशी मुदतही द्यावी लागते. सोमवारी जाहिरात आणि मंगळवारी शेवटची तारीख असेल, तर दूरच्या उमेदवाराचा अर्ज पोहोचणार कसा? काही लोक मुद्दाम कोणी न वाचणाऱ्या पत्रात जाहिरात छापतात. कागदोपत्री जाहिरात होते आणि जागा आपल्याच माणसाला मिळते. अशी जाहिरात म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर 'आत या' असे लिहिण्यासारखे आहे.

मुलांनो, या पाठातील बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. अनेक शतके फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे अर्ज, उमेदवार, तारीख, मुदत, शिफारस, हजर असे शब्द मराठीत रुळले. उर्दूत ज्याला 'इश्तिहार' म्हणतात, त्याला मराठीत 'जाहिरात' म्हणतात. पण 'जाहीर' हा शब्द दोन्ही भाषांत आहे. 'मुलाखत' या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्या. उर्दूत 'मुलाकात' म्हणजे भेट. मराठीत नोकरीसाठी प्रश्न विचारून घेतलेल्या परीक्षेलाही 'मुलाखत' म्हणतात. 'उमेदवार' म्हणजे उमेद बाळगणारा. जो अर्ज करतो, तो मनात उमेद ठेवून करतो.

आपल्या गोष्टीतील मालकाने शेवटी मुनीमजींचे ऐकले. आयटीआयच्या फलकावर कागद लागला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात कारकुनासाठी जाहिरात आली. फिटरच्या जागेसाठी पाच मुले आली. मालकाचा भाचाही त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहिला. मुनीमजींनी प्रत्येकाला यंत्रासमोर उभे करून काम करून दाखवायला सांगितले. एका खेड्यातील शेतमजुराच्या मुलाचा हात सर्वांत सफाईने चालला. त्याची निवड झाली. "पुढच्या वर्षी मीही आयटीआयला नाव घालतो, मामा," असे भाचा म्हणाला. मुनीमजींनी वहीत प्रत्येक उमेदवारापुढे लिहून ठेवले की, त्याला जाहिरात कोठे दिसली. पुढच्या हंगामात पैसा कोठे खर्च करावा, हे त्या वहीवरून कळणार होते.

उद्या तुम्ही अर्ज कराल. कदाचित एखादे दिवशी तुम्हीही कोणाला कामावर घ्याल. अर्ज करताना फलक, वर्तमानपत्र आणि रोजगार समाचार नियमाने पाहा. नोकरी लावून देतो असे सांगून कोणी पैसे मागितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि माणूस निवडण्याची वेळ तुमच्यावर आली, तर ज्याला तुमच्या दाराची वाट माहीत नाही, त्याच्यापर्यंतही निरोप पोहोचवा.

शब्दार्थ
मथळा – मजकुराच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेली ओळ
परिचारिका – नर्स
सरकी – कापसाचे बी
हंगाम – मोसम
सूचनाफलक – सूचना लावण्याची पाटी
बंधनकारक – सक्तीचे, टाळता न येणारे
खप – विक्री
सफाईने – कौशल्याने, न चुकता

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फाटकावरचा कागद वाचून कोण आले आणि कोण आले नाही?
(आ) सेवायोजन कार्यालये कोणत्या साली सुरू झाली?
(इ) सुधा कुलकर्णी यांनी पोस्टकार्ड कोणाला लिहिले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाच्याला फिटर म्हणून घेण्यास मुनीमजींनी विरोध का केला?
(आ) १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?
(इ) मुनीमजींनी वहीत काय लिहिले व का?

प्र. ३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
उमेदवार, मुदत, शिफारस, मुलाखत

प्र. ४. पुढील जागांसाठी जाहिरात कोठे द्याल? कारणे लिहा.
(अ) शाळेसाठी ग्रंथपाल (आ) शेतात कापूस वेचण्यासाठी मजूर (इ) दवाखान्यासाठी परिचारिका

उपक्रम : एका मराठी व एका उर्दू वर्तमानपत्रातील नोकरीच्या प्रत्येकी तीन जाहिराती कापून वहीत चिकटवा. प्रत्येक जाहिरातीत कोणती माहिती दिली आहे व कोणती राहून गेली आहे, ते लिहा.