मागचा डिरेलर : ओळख व निवड

केलगेरीवरून गोव्याकडे जाणारा रस्ता अळणावर, रामनगर करीत अनमोड घाटाने मोले येथे उतरतो. धारवाड सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने जाताना सायकलस्वाराला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा होते ती परतताना. मागे सामान बांधलेले असते, चढ संपत नाही, आणि अशा वेळी गिअरने दगा दिला तर सायकल हाताने ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून जुन्या बाजारात मागचा डिरेलर घेताना तो ओळखावा कसा व निवडावा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर नेणारे यंत्र. मागच्या डिरेलरकडे दोन कामे असतात. पहिले, चेन बाजूला सरकविणे. दुसरे, चेन लहान चक्रांवर आली की जी लांबी शिल्लक उरते, ती दोन पुल्यांच्या पिंजऱ्याने ताणून धरणे. प्रवासी सायकलीच्या दृष्टीने हे दुसरे काम विशेष महत्त्वाचे होय.

थोडा इतिहास पाहू. फ्रान्समधील सेंट-एतिएन येथील पॉल द विवी (१८५३-१९३०) यांनी प्रवासी सायकलला अनेक गिअर हवेत, असा आग्रह आयुष्यभर धरला. तूर द फ्रान्स शर्यतीने मात्र डिरेलरला १९३७ साली मुभा दिली. पुढे इटलीच्या कांपान्योलो कंपनीने १९५० च्या सुमारास 'ग्रान स्पोर्ट' हा समांतरभुज चौकोनाच्या रचनेचा डिरेलर आणला. १९६४ साली जपानच्या सनटूरने हाच चौकोन तिरका बसविला. त्यामुळे पुली प्रत्येक चक्रापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहू लागली आणि गिअर बदलणे सुलभ झाले. या रचनेचे पेटंट संपताच, १९८४ साली, शिमानोनेही ती स्वीकारली.

आता ओळखीच्या खुणा. कांपान्योलोच्या १९७० नंतरच्या 'नुओव्हो रेकॉर्ड'वर 'पेटंट' या अर्थाच्या अक्षरांपुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आढळतात. शिमानोच्या भागावर मागील बाजूस दोन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांपैकी पहिले वर्षाचे (ए म्हणजे १९७६) व दुसरे महिन्याचे (ए म्हणजे जानेवारी). म्हणजे 'ई-सी' असेल, तर तो भाग मार्च १९८० चा. सिंप्लेक्सचा 'प्रेस्टीज' प्लॅस्टिकच्या अंगावरून लगेच ओळखता येतो. त्यावर चिरा आहेत का, हे अवश्य पाहावे.

परंतु नाव व साल समजले म्हणजे निवड झाली असे नव्हे. 'नुओव्हो रेकॉर्ड' देखणा व टिकाऊ खरा, पण तो शर्यतीसाठी घडविलेला, आखूड पिंजऱ्याचा. घाटासाठी किती ताण घेणारा डिरेलर हवा, हे साध्या वजाबाकीने कळते. समजा, पुढची चक्रे ४८ व ३२ दात्यांची आणि मागची १४ ते २८ दात्यांची आहेत. पुढचा फरक १६, मागचा १४, बेरीज ३०. एवढ्या दात्यांची ढिलाई ओढून घेणारा पिंजरा हवा. शिवाय तो २८ दात्यांच्या चक्राखाली मोकळा बसला पाहिजे. या दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत. एकीत उतरलेला डिरेलर दुसरीत नापास होऊ शकतो. सनटूरचा लांब पिंजऱ्याचा 'व्हीजीटी' किंवा फ्रान्सच्या ह्युरेचा 'ड्युओपार' हे मोठ्या चक्रांसाठीच बनविलेले होते. बाजारात नावाला भाव असतो. घाटात मात्र दाते मोजावे लागतात.

विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. सांधे हाताने हलवून पाहावेत. फार खिळखिळे असल्यास घेऊ नये.

२. पिंजरा मागून पाहावा. तो वाकलेला असल्यास चेन आवाज करते व उडते.

३. स्प्रिंग दाबून सोडावी. ती तत्काळ परत आली पाहिजे.

४. जोडणी पाहावी. कांपान्योलो व बहुतेक जपानी डिरेलरांचा आटा १० मिलिमीटरचा असतो. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या फ्रेमला डिरेलर अडकविण्याची जागाच नसते, हेही ध्यानात ठेवावे.

बसविल्यावर सायकल स्टँडवर घेऊन चेन पुढच्या व मागच्या मोठ्या चक्रांवर चढवावी. पिंजरा पुढे ताणून अगदी सरळ झाला, तर चेन आखूड आहे असे समजावे. अशा स्थितीत जोर लावल्यास डिरेलर मोडून स्पोकमध्ये जाण्याचा संभव असतो. नंतर दोन्ही लहान चक्रांवर आणावी. तेथे चेन लोंबू नये. शेवटी आतील मर्यादेचा स्क्रू असा लावावा की पिंजरा स्पोकपर्यंत पोहोचूच नये.

जुन्या डिरेलरची एक मोठी सोय आहे. घर्षणाच्या लिव्हरमध्ये ठराविक टप्पे नसतात. चेनची जागा स्वार हातानेच ठरवितो. म्हणून एका कंपनीचा लिव्हर दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरला सहसा चालतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रथम आपला रस्ता व ओझे विचारात घ्यावे, मग चक्रांचे दाते मोजावेत आणि त्यानंतरच डिरेलरवरील नाव वाचावे. या क्रमाने गेल्यास अल्प खर्चातही अनमोडचा चढ चढून येईल असा डिरेलर मिळू शकतो.