लग्न नाही, अंतर आहे. कॅनडाला अर्ज कसा करू?

प्रश्न : मी टोरंटोत पीआरवर (कायमस्वरूपी रहिवासी म्हणून) आहे. जोडीदारासोबत तिथे दीड वर्ष राहिलो. व्हिसा संपल्याने ती पुण्याला परतली. तिला स्पॉन्सर करता येईल का? तोवर मीही पुण्यात राहू का?

उत्तर : करता येईल. कायद्याला दाम्पत्यासारखं सलग 12 महिन्यांचं सहजीवन लागतं, ते तुमचं झालंय. सक्तीच्या, तात्पुरत्या ताटातुटीने नातं तुटत नाही. मात्र ते टिकून असल्याचे पुरावे हवेत. दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खातं, एकमेकांना पाठवलेले पैसे, भेटींची तिकिटं. नुसते फोटो पुरत नाहीत.

पुण्यात मुक्काम मात्र हलवू नका. नागरिक परदेशातून स्पॉन्सर करू शकतो, पीआरधारक नाही. भेटायला अवश्य या. आणि लक्षात ठेवा, तिला पीआर मिळाल्यावर नातं संपलं तरी तिच्या खर्चाची तुमची जबाबदारी 3 वर्षं कायम राहते.